धुराची जमाबंदी

राज्यकर्त्यांच्या दफ्तरांत आजवर काय काय मोजले गेले याची नुसती यादी करू गेले तरी मनुष्याच्या लोभाचा आणि भयाचा एक संक्षिप्त इतिहास तयार होईल. जमिनीचा बिघा, मिठाची गोणी, ताडीचे झाड, नांगराचा बैल, घराचा उंबरा, बंदरास लागलेले गलबत, यांपैकी ज्याच्यावर कर बसवता येतो किंवा ज्याच्यापासून धोका संभवतो ते सर्व कोणत्या ना कोणत्या काळी कोणा कारकुनाच्या खतावणीत चढलेले आहे. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही, जे एकदा धुराड्याबाहेर पडले की कोणाचे हे ओळखता येत नाही आणि ज्याच्यावर मालकी सांगण्यास कोणी पुढे येत नाही, अशा वस्तूचा जमाखर्च जगातील बहुतेक सार्वभौम राज्यांनी आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहून बॉन शहरातील एका आंतरराष्ट्रीय कचेरीत दाखल करावा, हा प्रकार विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापूर्वी कोणी ऐकलेला नव्हता. तो जमाखर्च कसा लिहिला जातो, त्यात काय धरले आणि काय वगळले जाते, आणि अमुक देशाने आपले उत्सर्जन इतके टक्के कमी केले असे वृत्तपत्रात छापून येते तेव्हा त्या टक्क्याच्या पोटात काय दडलेले असते, हे मराठी वाचकास उलगडून दाखवणे एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे. आणि पुढील प्रकरणांतील आकडे त्याच्या अंगावर एकदम येऊ नयेत म्हणून ही काहीशी लांबलेली प्रस्तावना.

पुस्तकाच्या नावातील ‘धूर’ हा शब्द शास्त्राच्या कसोटीस उतरणारा नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. या हिशेबातला मुख्य वायू, म्हणजे आमच्या वेळची पाठ्यपुस्तके ज्याला कर्बद्विप्राणिद म्हणत तो कार्बन डायऑक्साइड, रंगहीन आहे. त्याच्या खालोखाल येणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हेही तसेच. आणि यादीतील उरलेल्या चार फ्लोरिनयुक्त वायूंनाही रंग नाही. उलट चुलीतून आणि मालमोटारीच्या नळीतून जो खराखुरा काळा धूर निघतो त्यातील काजळी उष्णता वाढवणारी असूनही या सात वायूंच्या यादीत नाही. तरीसुद्धा ‘उत्सर्जन’ या शब्दाने जो बोध पंडितांना होतो तो ‘धूर’ या शब्दाने आबालवृद्धांना होतो, म्हणून तो ठेवला.

बहुतेक वाचकांना ज्या गोष्टीचे आश्चर्य वाटेल ती ही की, देशाचे उत्सर्जन सहसा कोणी मोजत नाही; ते आकारले जाते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रातून वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे राष्ट्रीय हिशेबात उतरते ते धुराड्यावरील यंत्राच्या साक्षीने नव्हे, तर किती टन कोळसा जळला, त्या कोळशात उष्णता किती होती, त्या उष्णतेमागे कार्बन किती होता आणि त्यातला किती न जळता राखेत राहिला, या आकड्यांची सांगड घालून. गाईगुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन जनावरांच्या संख्येस एका ठरीव अंकाने गुणून काढतात, शेतात टाकलेल्या युरियापासून होणारा नायट्रस ऑक्साइड खताच्या वजनास गुणून, आणि सिमेंटच्या भट्टीतला चुनखडीच्या रसायनावरून. एका बाजूस काय घडले याची नोंद, दुसऱ्या बाजूस त्या घडण्यामागे किती वायू निघतो याचा गुणक, आणि दोहोंचा गुणाकार, ही या शास्त्राची सगळी बाराखडी आहे. 1988 साली स्थापन झालेल्या आणि आयपीसीसी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने 2006 साली या गुणाकारांचा जो पाच खंडांचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला, तोच आज जगभरच्या हिशेबनिसांचा प्रमाणग्रंथ आहे.

ज्यांनी आपल्याकडची आणेवारी पाहिली असेल त्यांना ही रीत परकी वाटू नये. रुपयात किती आणे पीक आले हे पूर्वी गावकामगार आणि पंच बांधावर उभे राहून नजरेने ठरवीत. पुढे शेताचा ठराविक तुकडा दोरी लावून आखावा, त्यातले पीक कापावे, मळावे, तोलावे आणि मग आकडा लिहावा अशी पीककापणी प्रयोगाची पद्धत आली. मार्गदर्शक ग्रंथात सांगितलेल्या तीन पायऱ्या नेमक्या याच क्रमाच्या आहेत. पहिल्या पायरीवर साऱ्या जगाला मिळून एकच गुणक, म्हणजे नजरअंदाज. दुसरीवर त्या त्या देशाच्या कोळशाचा, गाईचा, मातीचा स्वतंत्र गुणक. आणि तिसरीवर प्रत्यक्ष मापने व त्यांच्या आधाराने रचलेली गणिती प्रतिमाने. कोणता देश कोणत्या पायरीवर उभा राहून बोलतो आहे हे पाहिल्याखेरीज त्याच्या बेरजेवर विश्वास ठेवू नये आणि अविश्वासही दाखवू नये.

पहिल्या पायरीवरचा, त्यातही परक्याने घेतलेला नजरअंदाज किती महाग पडू शकतो याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि ते मला इतके महत्त्वाचे वाटते की त्याच्यासाठी येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. भातखाचरात पाणी तुंबले की त्याखालच्या चिखलात प्राणवायू उरत नाही आणि तेथील सूक्ष्मजंतू मिथेन तयार करतात, हे सर्वमान्य आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे भारतातील भातशेतीतून दरसाल सुमारे 3 कोटी 78 लाख टन मिथेन बाहेर पडत होता. हा आकडा आला कोठून? तर पाश्चात्त्य देशांतील, सदैव पाण्याने भरलेल्या थोड्या शेतांवर केलेली मापने घेऊन आणि ती भारतातील एकूण भातक्षेत्राला लावून. कोकणातले वरकस जमिनीवरचे भात, छत्तीसगडातले पावसाच्या भरवशावरचे भात, ऑगस्टात पावसाने दडी मारली की भेगाळणारे खाचर, यांचा त्या गुणाकाराला पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी भात म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे मिथेन. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांनी 1991 साली देशभरच्या संशोधनसंस्थांना हाताशी धरून एक मोहीम काढली. निरनिराळ्या प्रदेशांतल्या खाचरांत रोपांवर पारदर्शक पेट्या उपड्या घालायच्या, ठराविक वेळाने आतल्या हवेचे नमुने सुईने ओढून घ्यायचे आणि प्रयोगशाळेत तपासायचे, असे ते काम होते. दिसायला साधे, करायला कंटाळवाणे, आणि गुडघाभर चिखलात उभे राहून करायचे. निष्पन्न झाले ते असे की भारतीय भातशेतीचा मिथेन वर्षाला सुमारे 40 लाख टन आहे, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याइतका.

त्याच वर्षी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध करून वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भारत, चीन आणि ब्राझील यांना पहिल्या पाच अपराध्यांत बसवणारी जी गणना केली होती, तिच्यावर कडाडून टीका केली. त्यांचा मुद्दा गुणकाचा नव्हता, वाटणीचा होता: समुद्र आणि अरण्ये जेवढा वायू शोषून घेतात तेवढा माफ धरायचा असेल तर तो माफीचा वाटा माणशी द्यावा, देशाच्या धुराच्या प्रमाणात देऊ नये, आणि बांगलादेशी शेतकऱ्याच्या भाताचा मिथेन व श्रीमंत कुटुंबाच्या दुसऱ्या मोटारीचा धूर एका तागडीत तोलू नये. ही पुस्तिका अजूनही वाचनीय आहे. तरी माझे स्वतःचे मत असे की त्या काळच्या वादात आपली बाजू बळकट झाली ती जितकी या न्याय्य युक्तिवादामुळे, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, चिखलातल्या त्या पेट्यांमुळे. ज्याच्याजवळ स्वतःची मोजणी नाही त्याच्यावर दुसऱ्याने केलेली मोजणी लागू होते, हे वतनदारीच्या तंट्यांत आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

आता करारमदारांचा इतिहास, पण तो थोडक्यात, कारण तो अन्यत्र विपुल उपलब्ध आहे. 1992 साली रिओ दि जानेरो येथे चौकटीचा करार झाला आणि प्रत्येक राष्ट्राने आपल्या वायूंची यादी द्यावी हे त्यात ठरले. 1997 साली क्योटो येथे औद्योगिक राष्ट्रांनी आकडे बांधून घेतले: 1990 हे आधारवर्ष धरून 2008 ते 2012 या मुदतीत सर्वांनी मिळून सरासरी सुमारे 5 टक्के घट. 2015 च्या डिसेंबरात पॅरिस येथे तत्त्वच पालटले. वरून आकडा लादण्याऐवजी प्रत्येकाने आपला संकल्प आपण जाहीर करावा, दर पाच वर्षांनी तो वाढवावा, आणि दर दोन वर्षांनी प्रगतीचे निवेदन द्यावे, असे ठरले. वसुलीचा अधिकार कोणालाच नाही. तज्ज्ञांची तपासणी व्हावी, पण ती साहाय्यभूत असावी, ढवळाढवळ करणारी नसावी, दंड करणारी नसावी आणि सार्वभौमत्वाचा मान राखणारी असावी, असे कराराच्या तेराव्या कलमात शब्द आहेत. कुळानेच आपला सारा आकारायचा, कुळानेच भरायचा, आणि तपासनिसाने ओसरीवर बसून चहा घेत सौम्य प्रश्न विचारायचे, असा हा बंदोबस्त आहे. त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण क्योटोच्या कडक बंदोबस्ताचे काय झाले हेही विसरू नये. अमेरिकेने त्यावर सही करून तो कधी मान्य केला नाही, आणि 6 टक्के घट कबूल केलेल्या कॅनडाचे उत्सर्जन वाढतच गेल्यावर त्या देशाने 2011 च्या डिसेंबरात करारातून अंग काढून घेतले.

क्योटोच्या कहाणीतील खरी शिकवण आधारवर्षाची आहे. रशिया आणि युक्रेन यांनी 1990 च्या पातळीवर स्थिर राहण्याचे कबूल केले, आणि ते करताना दोघांनाही ठाऊक होते की सोव्हिएत संघ मोडून कारखाने बंद पडल्यामुळे त्यांचे उत्सर्जन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आधीच घटलेले आहे. न झालेल्या धुराचा हा जो शिल्लक साठा त्यांच्या नावे जमा पडला त्याला वाटाघाटींच्या परिभाषेत ‘गरम हवा’ हे समर्पक नाव मिळाले. ऑस्ट्रेलियाने याहून चतुर काम केले. त्या देशाला 8 टक्के वाढीची मुभा तर मिळालीच, शिवाय वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री मसुद्यात एक वाक्य घातले गेले, ज्याच्यामुळे जंगलतोडीतून होणारे उत्सर्जन 1990 च्या आधारात धरता आले. 1990 साली क्वीन्सलँडमधील झाडी प्रचंड प्रमाणात तोडली जात होती, आणि 1997 पर्यंत ती तोड बरीच ओसरली होती; म्हणजे आरंभीची रक्कम फुगवून घेतल्याने पुढे काहीच न करता घट दिसणार होती. आमच्याकडे जमिनीची प्रतवारी लावताना असले प्रकार घडले नसतील असे नाही, परंतु एका वाक्यात एवढा मोठा मुलूख मारल्याचे उदाहरण विरळाच.

आधारवर्षाइतकाच नाजूक प्रश्न वजनमापांचा. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज करायची तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन किती पट उष्णता धरतो या हिशेबाने ते करतात. हा पट प्रथम 21 धरला जाई, नंतर 25, आणि आता 28. मुदत शंभराऐवजी वीस वर्षांची धरली तर तोच आकडा ऐंशीच्या वर जातो, कारण मिथेन तीव्र असला तरी अल्पायुषी आहे. मुदत किती धरायची हे निसर्ग सांगत नाही, माणसे ठरवतात. आणि ज्या न्यूझीलंडचे जवळजवळ निम्मे उत्सर्जन शेतीपशुपालनाचे आहे, त्याला त्या निर्णयाची झळ जपानहून निराळी लागते. एका रात्रीत 21 चे 28 झाले की एकही गाय न वाढता देशाचे गोधन अधिक दोषी ठरते. म्हणूनच जुन्या अहवालातील बेरीज नव्या अहवालातील बेरजेशेजारी ठेवण्यापूर्वी दोहोंचे माप एक आहे की नाही हे पाहावे लागते, आणि या पुस्तकातील कोष्टके तयार करताना सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो याच कामाने.

अरण्यांच्या बाबतीत तर माप सोडा, वस्तू कोणती हेच ठरलेले नाही. मनुष्याने व्यवस्था ठेवलेल्या भूमीवरचे वृक्ष जेवढा कार्बन शोषतील तेवढा देशाच्या खात्यात वजावाट म्हणून धरता येतो, आणि व्यवस्था ठेवलेली भूमी कोणती हे देशच सांगतो. जेथे कुऱ्हाड क्वचितच पोहोचते अशा दूरच्या अरण्याभोवती नकाशावर रेघ ओढली की त्याची आपोआप होणारी वाढ पुण्यात जमा. सगळ्या देशांच्या यादीतील भूमीचे आकडे एकत्र केले तर त्यांत आणि स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या जागतिक गणितात वर्षाला काही अब्ज टनांचा फरक पडतो. तो सारा लबाडीचा नाही, बहुतांश व्याख्येचा आहे, पण ताळा बसत नाही हे खरे.

भारताचे स्वतःचे दफ्तर या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. आपले पहिले निवेदन 2004 साली गेले आणि त्यात आकडे होते 1994 चे: वने धरून सुमारे 123 कोटी टन. दुसरे 2012 साली गेले, त्यात 2000 चे. मध्यंतरी 2010 साली जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना 2007 ची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा एवढी ताजी यादी कोणत्याही विकसनशील मोठ्या देशाने दिली नव्हती याचा योग्य तो अभिमान व्यक्त झाला. त्यानंतर हात बसत गेला. 2024 च्या डिसेंबरअखेर दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालात 2020 चे आकडे आहेत: एकूण 295.9 कोटी टन, त्यांतून वने आणि जमीन यांनी शोषलेले 52.2 कोटी टन वजा जाता निव्वळ 243.7 कोटी टन. एकूण रकमेतील तीन-चतुर्थांश वाटा ऊर्जेचा, सुमारे 14 टक्के शेतीचा. आदल्या वर्षाच्या मानाने घट जवळजवळ 8 टक्के. परंतु 2020 हे टाळेबंदीचे वर्ष होते हे आठवले की त्या घटीचे श्रेय कोणास द्यायचे हा प्रश्न पडतो, आणि अहवालाच्या प्रशंसकांनी तो टाळलेला बरा.

आपण जगाला दिलेले मुख्य वचन उत्सर्जनाचे नाही, त्याच्या तीव्रतेचे आहे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे निघणारा वायू 2005 च्या मानाने 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करू. 2020 पर्यंत ही तीव्रता 36 टक्क्यांनी उतरली आणि त्याच पंधरा वर्षांत एकूण उत्सर्जन मात्र वाढले; दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत, आणि दोहोंपैकी एकच सांगणारा वक्ता कोणत्या बाजूचा हे त्यावरूनच ओळखावे. माणशी हिशेब केला तर भारतीयाचा वाटा जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. हे मी आपल्या बचावासाठी सांगत नाही, तीव्रतेचे वचन कोणत्या परिस्थितीत दिले गेले ते कळावे म्हणून सांगतो. आकडे दहा-दहा वर्षांनी देण्याची सवलत गरीब राष्ट्रांस मिळाली ती मुळात योग्य होती. पण सवलतीचा आडोसा होतो हेही आपण मोकळ्या मनाने मान्य करावे.

चीनच्या बाबतीत 2015 या एका वर्षात घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. त्या वर्षी चिनी सरकारने आपली जुनी कोळशाची आकडेवारी दुरुस्त केली, तेव्हा एकट्या 2012 साली आधी सांगितल्यापेक्षा सुमारे 60 कोटी टन अधिक कोळसा जळल्याचे दिसले. त्याच वर्षी झू ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो नमुने तपासून दाखवले की चिनी कोळशातून निघणाऱ्या कार्बनचा गुणक जगाने धरलेल्या ठरीव गुणकाहून सरासरी 40 टक्के कमी आहे, आणि म्हणून 2013 चे उत्सर्जन प्रचलित अंदाजापेक्षा 14 टक्क्यांनी कमी भरते. गुणाकारातील एक अंक वाढला, दुसरा घटला. ज्या चुकांची ही दुरुस्ती होती त्यांतील प्रत्येक चूक युरोपातील कित्येक देशांच्या संपूर्ण वार्षिक उत्सर्जनाहून मोठी होती, आणि वर्षानुवर्षे त्याच आकड्यांवर परिषदांतून बोटे उगारली जात होती.

हिशेबाबाहेर काय राहते ते पाहणेही मनोरंजक आहे. मुंबई बंदरात तेल भरून रॉटरडॅमला निघालेल्या जहाजाचा धूर ना भारताच्या बेरजेत, ना नेदरलँडच्या. तो तळटिपेत वेगळा लिहितात. परदेशी जाणाऱ्या विमानाचेही तेच. आणि एखाद्या देशाने आपला पोलाद कारखाना बंद करून पोलाद बाहेरून आणले तर त्याचा धूर विकणाऱ्याच्या खात्यात पडतो. ब्रिटनने 2008 साली कायदा करून मंत्रिमंडळाच्या बाहेरची स्वतंत्र समिती नेमली, तिने दरवर्षी पार्लमेंटपुढे सरकारचे माप काढावे आणि सरकारने लेखी उत्तर द्यावे असा पायंडा पाडला, आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी त्या देशातले कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र विझले, हे सर्व कौतुकास्पद आहे; त्यांचे भूमीवरील उत्सर्जन आज 1990 च्या जवळपास निम्म्यावर आले आहे. पण त्यांच्या घरांत वापरल्या जाणाऱ्या आयात वस्तूंचा धूर धरला की उतार तितका सरळ राहत नाही. युरोपीय संघाने आता सीमेवरच नाके बसवले आहे: पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल आत येताना त्याच्यामागे किती वायू सुटला ते सांगावे असा नियम ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला, आणि 2026 पासून त्यावर पैसा. ज्या भारतीय कारखानदाराला बॉनच्या कचेरीचे नावही ठाऊक नव्हते त्याला या जकातीने उत्सर्जनाचा गुणाकार शिकवला.

आतापर्यंत जे सांगितले ते सगळे कागदाचे झाले. त्याला साक्षीदार एकच, हवा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आता तो 420 च्या पुढे गेला आहे, आणि एकाही परिषदेच्या समाप्तीनंतर त्या रेषेने खाली वाक घेतलेला नाही. साक्षीदार निःस्पृह आहे, पण त्याची एक अडचण आहे: किती हे तो बिनचूक सांगतो, कोणी हे सांगत नाही. ते काढण्यासाठी वारा कोणत्या दिशेने आला त्याचा माग घेत उलटे गणित करावे लागते.

तसे गणित केल्याने काय होऊ शकते याचा दाखला ओझोनच्या करारातून मिळतो. सीएफसी-11 हा वायू ओझोनचा शत्रू तर आहेच, शिवाय उष्णता धरण्यातही बलवान आहे. त्याचे उत्पादन 2010 पर्यंत जगात सर्वत्र बंद व्हायचे होते, आणि कागदोपत्री ते झालेही होते. 2018 साली अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन माँट्झ्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की 2012 नंतर त्याचे उत्सर्जन पुन्हा वाढले आहे. कोणीतरी, कोठेतरी, चोरून बनवीत होते. पुढच्या वर्षी कोरियाच्या जेजू बेटावरील आणि जपानच्या हातेरुमा बेटावरील केंद्रांच्या नोंदी वाऱ्याशी ताडून वाढीचा मोठा भाग पूर्व चीनच्या शांदोंग आणि हेबेई या प्रांतांतून येत असल्याचे दाखवले गेले. त्यानंतर उत्सर्जन झपाट्याने खाली आले. दफ्तरात जे कधीच उमटले नसते ते दोन बेटांवरच्या नळकांड्यांनी पकडले. उलट दिशेचे उदाहरणही आहे: ब्रिटनच्या यादीत मोटारींच्या शीतयंत्रांतील एचएफसी-134ए हा वायू जितका धरला होता तितका हवेत सापडेना, तेव्हा यादीच फुगलेली असल्याचे उघड झाले. आपल्यावरचा बोजा खोटाच वाढवून लिहिणारे कूळ जमाबंदीच्या इतिहासात मला दुसरे आढळले नाही.

आपल्या किनाऱ्यावरही असा एक साक्षीदार होता, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात काबो द रामाचा जुना किल्ला समुद्रात घुसलेल्या कड्यावर उभा आहे. तेथे 1993 पासून काही वर्षे ठराविक दिवशी काचेच्या कुप्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासणीस पाठवली जात असे. जागा मोठ्या विचाराने निवडलेली होती. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट सागरावरून, दक्षिण गोलार्धातून येतो, तेव्हा कुपीत येते ती जवळजवळ अस्पर्श हवा. दिवाळीनंतर वारा फिरतो, आणि मग त्याच कुपीत दख्खनची, पुढे सगळ्या उपखंडाची हवा येते, चुली, भट्ट्या, वीजकेंद्रे आणि रब्बीच्या शेतांचा श्वास घेऊन. एकाच खडकावर उभे राहून अर्धे वर्ष जगाची आणि अर्धे वर्ष आपली हवा पाहता यावी, अशी सोय निसर्गाने फार थोड्या देशांना दिली आहे. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही असे नमुने घेण्यास आरंभ केला. परंतु एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, आणि आपल्या उत्सर्जनाचा हवेशी पडताळा घेण्याच्या कामी आपण इतरांच्या मागे राहिलो. चिखलातल्या पेट्यांनी आपल्याला एकदा तारले होते हे लक्षात घेता याचे मला अधिक वाईट वाटते.

उपग्रहांविषयी हल्ली फार उत्साहाने बोलले जाते, आणि त्यांवर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. 2009 साली जपानने सोडलेला ‘इबुकी’ हा या कामाचा आद्य उपग्रह. त्यानंतर पुष्कळ झाले. तेलविहिरीतून फुटलेली मिथेनची गळती ते लख्ख दाखवतात, पण पसरट आणि मंद उत्सर्जनापुढे, विशेषतः पावसाळी ढगांखाली, त्यांची दृष्टी अधू होते. आणि मार्च 2024 मध्ये मोठ्या अपेक्षेने सोडलेल्या मिथेनसॅटशी सव्वा वर्षात संपर्कच तुटला. देशांना गुण देऊन क्रमवारी लावणाऱ्या संस्थांचा परामर्श मी एका परिशिष्टात घेतला आहे, तोही त्रोटक. त्यांचे काम निरुपयोगी आहे असे नव्हे. वचन आणि कृती यांतली दरी दाखवणारा संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल 2010 पासून दरसाल निघतो, आणि 2023 साली जगाचे एकूण उत्सर्जन 5,710 कोटी टनांवर गेले हे त्यानेच सांगितले. पण पहिला कोण आणि एकसष्टावा कोण या कुतूहलाने वाचणाऱ्याला व्याख्या वाचायचा धीर राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचकांच्या सोयीसाठी काही संकेत येथेच नोंदवतो. टन म्हणजे सर्वत्र मेट्रिक टन. जुन्या ग्रंथांत पुष्कळदा नुसत्या कार्बनचा टन धरलेला असतो, तर अलीकडच्या अहवालांत कार्बन डायऑक्साइडचा. बारा भार कार्बन जळून चव्वेचाळीस भार वायू होतो, म्हणून पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करताना सुमारे 3.67 ने गुणले आहे. ‘एकूण’ म्हणजे वने न धरता आणि ‘निव्वळ’ म्हणजे वने धरून, हा भेद शेवटपर्यंत पाळला आहे. कोष्टकातील प्रत्येक आकड्याशेजारी दोन साले दिली आहेत, एक उत्सर्जनाचे आणि एक तो आकडा ज्या अहवालात प्रसिद्ध झाला त्याचे, कारण त्याच वर्षाचा आकडा पुढच्या अहवालात बदललेला असतो. ज्या आकड्याचे साल किंवा माप मला निश्चित करता आले नाही तो घेतलेला नाही. त्यामुळे तिसऱ्या आणि सातव्या प्रकरणांतील कोष्टकांत काही रकाने रिकामे दिसतील, ते तसेच ठेवले आहेत.